ड्रिल झिजून गेलं की तुटून? खोल होलमध्ये कोटिंगचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा जॉब, ८ मिमीचं ब्लाइंड, म्हणजे आरपार न जाणारं होल, खोली १०० मिमी. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) काम, कूलंट बाहेरून, हाय-स्पीड स्टीलचं लाँग सिरीज ड्रिल, कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर, फीड फेऱ्याला ०.१५ मिमी, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत १०-१० मिमीचे पेक, म्हणजे थोडं कापून ड्रिल मागे घ्यायचं, पुन्हा कापायचं. आधी साधं ड्रिल वापरत होते, ते तीस-पस्तीस होलांत तुटायचं. तिप्पट आयुष्य मिळेल या आशेने सोनेरी, म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग असलेलं घेतलं. तेही तीस-पस्तीस होलांतच तुटतंय. आता याहून वरचं, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचं घ्यावं का? आणि धार लावल्यावर पुन्हा कोटिंग करून घ्यावं का?

पहिल्याचं उत्तर: आत्ता नको. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

ड्रिल दोन तऱ्हांनी संपतं. एक तर झिजून, नाही तर तुटून. झिजून संपतं तेव्हा आवाज हळूहळू बदलतो, लोड मीटर रोज थोडा थोडा वर चढतो, होलच्या तोंडाशी बर मोठी यायला लागते. धार लावली की ड्रिल पुन्हा कामाला तयार. तुटून संपतं तेव्हा यातलं काही होत नाही. एक कर्कश ओरखडा, एक 'टक', आणि अर्धं ड्रिल जॉबमध्ये. कोटिंग झीज लांबवतं. तुटणं थांबवायची ताकद त्यात फारशी नाही. तुमचं साधं ड्रिल आणि कोटेड ड्रिल एकाच आकड्याच्या आसपास जातंय, याचा अर्थ दोन्ही एकाच कारणाने मरतायत आणि ते कारण झीज नाही. अशा ठिकाणी सोनेरीच्या जागी जांभळट-काळं कोटिंग आणलं तर फक्त तुकड्याचा रंग बदलेल.

खात्री करायची असेल तर तुटलेल्या ड्रिलचं टोक जॉबमधून काढा, रॉकेलमध्ये धुवा आणि दहापट भिंगाखाली धरा. दोन्ही लिपांचे, म्हणजे टोकाच्या कापणाऱ्या धारांचे, बाहेरचे कोपरे पाहा, म्हणजे जिथे धार संपून मार्जिन (ड्रिलच्या अंगावरची, होलच्या भिंतीला टेकणारी अरुंद पट्टी) सुरू होते ती जागा. कोपरा गोलसर झालाय, धारेमागे सरळ एकसारखी चंदेरी पट्टी दिसतेय, तर ड्रिल झिजत होतं आणि वेळेवर काढलं नाही म्हणून तुटलं. कोपरे अजून टोकदार, धारेमागचं सोनं जवळपास शाबूत, पण मार्जिनवर उभे चंदेरी ओरखडे आणि फ्लूटमध्ये (ड्रिलच्या अंगावरच्या पीळदार खाचेत) दाबून बसलेला माल दिसतोय, तर चिप, म्हणजे कापून निघणारा कीस, अडकून ड्रिल पिळून तुटलंय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरंच चित्र दिसतंय. भिंगाने पाच मिनिटांत कळेल.

आता चिपेचा हिशोब मांडू, कारण सगळं तिथेच आहे.

८ मिमीच्या १०० मिमी होलमधून साधारण ५ घन सेंटिमीटर पोलाद निघतं. ड्रिलच्या काटछेदात निम्मी जागा पोलादाची आणि निम्मी फ्लूटची धरली, तर पूर्ण आत गेलेल्या ड्रिलच्या दोन्ही फ्लूटांत मिळून अडीच घन सेंटिमीटर मोकळी जागा. एका १० मिमीच्या पेकमध्ये अर्धा घन सेंटिमीटर माल कापला जातो. पण चिप झाली की माल फुगतो. नीट तुटलेली, स्वल्पविरामासारखी बारीक चिप असेल तरी मूळ मालाच्या चार-पाचपट जागा खाते. म्हणजे शेवटच्या एका पेकची उत्तम चिपसुद्धा अडीच घन सेंटिमीटरच्या घरात जाते, सगळा फ्लूट भरून. चिप लांब, गुंडाळलेली निघाली तर ती दहा-वीसपट जागा मागते, आणि तेवढी जागा तिथे नाहीच. आता कळेल, पहिला पेक १० चा का फुकट आणि शेवटचा १० चा का घातक. तोंडाशी चिप निघाली की उडून जाते, २० मिमी एका दमात घेतलं तरी चालतं. तळाशी तिला ९० मिमी चढून यायचं असतं, अंगाला भिंत घासत, मागून दुसरी चिप ढकलत.

स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पीळदार फ्लूटच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. फ्लूटला पीळ असला की फिरताना चिप वर चढते, ही त्यातली मोठी सोय. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी खोल होलमधली मारामारी अजून चिप वर चढवण्याचीच आहे.

तुमच्या बाबतीत अजून एक संशय आहे, आणि तो मी पैजेवर सांगेन. लाँग सिरीजच्या, म्हणजे डीआयएन ३४० या जर्मन मानकाच्या ८ मिमी ड्रिलची एकूण लांबी १६५ आणि फ्लूट १०९ मिमी असतो. होल १०० चं. म्हणजे ड्रिल तळाला टेकतं तेव्हा जेमतेम ९ मिमी फ्लूट बाहेर उरतो. त्यातही शँककडचा, म्हणजे ड्रिल धरायच्या दांड्याकडचा, शेवटचा भाग उथळ होत गेलेला असतो, कारण फ्लूट तिथे एकदम संपत नाही, वर येत येत संपतो. त्यात चार-पाच वेळा धार लावली की तीन-चार मिमी अजून गेले. मग शेवटच्या १० मिमीत चिपेला बाहेर पडायला दारच नाही. तुमची ड्रिलं कितव्या होलला तुटतात ते तुम्ही लिहिलंय, किती खोलीवर तुटतात ते लिहिलेलं नाही. मोजा. ९० च्या पुढे तुटत असतील, तेही दोन-तीनदा धार लावलेली, तर हेच कारण. तळाला टेकल्यावरही किमान व्यासाच्या दीडपट चांगला, पूर्ण खोलीचा फ्लूट बाहेर राहिला पाहिजे, हा माझा नियम. इथे डीआयएन १८६९ ची, एक्स्ट्रा लाँग सिरीज लागेल. लांब ड्रिल लवचीक असतं, मान्य. त्याचा इलाज पुढे आहे.

चिप वाचण्याची एक पद्धत मला एका जुन्या सेटरने शिकवली. काम होतं ईएन-१९ (मिश्र पोलाद) च्या शाफ्टमध्ये ६ मिमीचं ऑइल होल, ८० मिमी खोल. ड्रिलं कोटेड, नवीन खोक्यातली, एकदा धार लावून झालेली, आणि दर पाच-सहा होलांना एक तुटत होतं. आम्ही सगळे कोटिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो. या माणसाने मशीन सिंगल ब्लॉकवर घेतलं. प्रत्येक पेकनंतर ड्रिल वर आलं की ब्रशने चिपा काढायच्या आणि पांढऱ्या कागदावर ओळीने मांडायच्या, खाली खोली लिहायची. पहिल्या दोन ढिगांत छोट्या, एकसारख्या वळलेल्या चिपा. तिसऱ्यात थोड्या लांब. ५० मिमीच्या ढिगात चिपेच्या कडा चकाकत होत्या, म्हणजे भिंतीत आणि फ्लूटमध्ये चुरडत आल्या होत्या. पुढच्या ढिगात भुगा आणि निळसर तुकडे. पण त्याने बोट ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीवर. प्रत्येक ढिगात दोन जातीच्या चिपा होत्या, एक जाड आणि एक दोऱ्यासारखी. दोन फ्लूटांतून दोन वेगळ्या चिपा येत होत्या, कारण हाताने धार लावताना एक लिप लांब झाली होती. जाड चिपेचा फ्लूट आधी भरत होता. ड्रिल नीट, मशीनवर धार लावून घेतलं आणि तुटणं थांबलं. कोटिंगचा त्यात काही दोष नव्हता. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाला, 'चिप खोटं बोलत नाही, कॅटलॉगचं माहीत नाही.'

तुम्हीही तो कागद करा. चिपा चुरडायला ज्या खोलीवर सुरुवात होते, त्या खोलीच्या आधी पेक लहान करायचा. मी ८ मिमीला, साध्या फ्लूटच्या ड्रिलला, पहिला पेक व्यासाच्या तिप्पट म्हणजे २४ घेतो, मग १४, मग १०, मग ८, आणि अर्ध्या खोलीनंतर ५-६ वर येतो. जी-८३ मध्ये, म्हणजे दर पेकला ड्रिल पूर्ण बाहेर काढणाऱ्या मशीनच्या आज्ञेत, क्यू (पेकची खोली) एकच राहतो, म्हणून एक तर छोटा मॅक्रो लिहा किंवा तीन टप्प्यांत तीन जी-८३ लावा. जी-७३ इथे नको. त्यात ड्रिल जागच्या जागी थोडंसं मागे येतं, चिप तुटते पण बाहेर येत नाही, आणि कूलंटही आत जात नाही. बारा-साडेबारापट खोलीला चिप तुटून उपयोग नाही, ती निघाली पाहिजे. आणखी एक: ड्रिल वर गेलं की काही चिपा परत तळाशी पडतात, आणि ड्रिल रॅपिडने खाली येऊन त्यांच्यावर आदळतं. रॅपिड कुठे थांबून फीड सुरू होतो, ते पॅरामीटरमधलं अंतर बघा. शून्याजवळ असेल तर अर्धा ते एक मिलिमीटर करा. लिपेचे कोपरे तुटण्याचं हे एक मुकं कारण आहे.

बाहेरून सोडलेलं कूलंट तीन-चारपट खोलीच्या पुढे धारेपर्यंत पोचतच नाही, कारण फ्लूटमधून चिपा वर येत असताना कूलंटने त्याच वाटेने खाली जायचं असतं. नोझल कितीही जोरात सोडा. पेक करताना ड्रिल बाहेर येतं, होल कूलंटने भरतं, तेवढ्यापुरतीच धार भिजते. म्हणून ड्रिल बाहेर आल्यावर नोझल थेट होलच्या तोंडावर हवा. वर आलेल्या ड्रिलवर मारून काही उपयोग नाही, हे खूपदा उलट दिसतं. आणि कूलंट पातळ असू नये. अशा कामाला ८ ते १० टक्के ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यातलं तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) बघून, आणि तेलाच्या डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणून. गुणायचं सगळे विसरतात.

आता कोटिंगकडे येऊ. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही.

हाय-स्पीड स्टील ६३-६५ रॉकवेलचं, म्हणजे विकर्समध्ये ८००-९०० च्या आसपास. टायटॅनियम नायट्राइड साधारण २३००, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड ३००० च्या वर. जाडी मात्र दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे केसाच्या वीसाव्या भागाइतकीही क्वचितच. एवढा पातळ थर भार उचलत नाही, भार खालचं पोलादच उचलतं. थर करतो ते दोन गोष्टी: घासल्याने होणारी झीज कमी करतो, आणि कापला जाणारा माल धारेला चिकटू देत नाही. १९८० च्या सुमाराला हे सोनेरी ड्रिल बाजारात आलं ते निर्वातातल्या कमी तापमानाच्या, पीव्हीडी पद्धतीमुळे. त्याआधीची सीव्हीडी, म्हणजे वायूंच्या रासायनिक क्रियेने थर चढवायची पद्धत, हजार अंशांच्या घरात चालायची. हाय-स्पीड स्टीलचं टेंपरिंग साडेपाचशे ते पाचशे साठ अंशांचं, ते त्यात मऊच पडलं असतं. पीव्हीडी चारशे-पाचशे अंशांत होतं, म्हणून जमलं.

हाच आकडा तुमच्या पहिल्या प्रश्नालाही उत्तर देतो. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडची कीर्ती आहे ती उष्णतेसाठी. आठशे-नऊशे अंशांपर्यंत ते टिकतं, कारण पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर तयार होऊन खालच्या कोटिंगला सांभाळतो. टायटॅनियम नायट्राइड पाचशे-सहाशे अंशांनंतर ऑक्सिडाइझ व्हायला लागतं. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण तुमचं ड्रिल कशाचं आहे? हाय-स्पीड स्टील सहाशे अंशांच्या पुढे स्वतःच मऊ पडतं. आठशे अंश सोसणारा कोट घातला आणि आतला माणूस सहाशेला बेशुद्ध पडला, तर कोट कोणासाठी? हे कोटिंग कार्बाइडवर, चढ्या वेगाला, कोरड्या किंवा कमी कूलंटच्या कामात आपली किंमत वसूल करतं. हाय-स्पीडवर घातलं तर जास्त कडकपणाचा थोडा फायदा मिळतो, उष्णतेचा नाही. कोबाल्टच्या ड्रिलवर, स्टेनलेसमध्ये, मी ते वापरलंय आणि बरं चाललं, पण ईएन-८ ला टायटॅनियम नायट्राइडहून वेगळं काही मला जाणवलं नाही.

दुसरी एक चूक नेहमी होते, ती तुमच्याकडे नाही, तरी सांगतो. कोटेड ड्रिल घ्यायचं आणि ते 'जपून', साध्या ड्रिलच्याच आरपीएमवर चालवायचं. उथळ होलमध्ये कोटिंगचा पैसा वसूल होतो तो वेग वीस-तीस टक्के वाढवून. खोल होलमध्ये मात्र उलटं. ८ मिमीला २५ मीटर म्हणजे साधारण १००० आरपीएम. हा तीनपट खोलीपर्यंतचा वेग आहे. सहापटीच्या पुढे मी तो तीस-चाळीस टक्के खाली आणतो आणि फीड फक्त वीसेक टक्के. म्हणजे ६५०-७०० आरपीएम आणि ०.१२ फीड. फीड जास्त खाली नेऊ नका. ड्रिल तुटायला लागलं की ऑपरेटरचा हात आधी फीडकडे जातो. फीड उतरवला की चिप पातळ होते, पातळ चिप तुटत नाही, लांब दोरा होऊन फ्लूटमध्ये अडकते. म्हणजे वाचवायला गेलो आणि गळ्याशी आलं.

मार्जिनची गोष्ट मात्र कोटिंगच्या बाजूची आहे. उथळ होलमध्ये मार्जिन भिंतीला थोडाच वेळ घासते. खोल होलमध्ये ती प्रत्येक पेकमध्ये संपूर्ण लांबीभर वर-खाली घासत राहते, आणि तिथे कूलंट कमी. साध्या ड्रिलच्या मार्जिनवर माल चढतो, चढलेला माल भिंत ओरबाडतो, पीळ वाढतो. कोटेड मार्जिनवर हे खूप कमी होतं. ३०४ सारख्या चिकट स्टेनलेसमध्ये हा फरक हाताला कळतो. तुटणं एकदा थांबलं की कोटिंगचा फायदा जो दिसेल, तो बराचसा इथून आणि बाहेरच्या कोपऱ्यांवरून येईल.

फ्लूटच्या आतल्या कोटिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चिप सरकायला कोटिंगइतकाच, कदाचित जास्त, फ्लूटचा फिनिश महत्त्वाचा. फ्लूटमध्ये ग्राइंडिंगच्या आडव्या रेघा असतील तर कोटिंग त्या रेघा झाकत नाही, त्यांच्यावरच बसतं. शिवाय आर्क पद्धतीच्या कोटिंगमध्ये धातूचे बारीक थेंब पृष्ठभागावर राहतात, आणि नवीन कोटेड फ्लूट नखाला किंचित खरखरीत लागू शकतो. चांगले बनवणारे कोटिंगनंतर पॉलिश करतात. खोल होलचं ड्रिल निवडताना मी आधी फ्लूटमध्ये नख फिरवतो, मग रंग बघतो. रंगाचं तर सोडाच. कोबाल्टच्या ड्रिलला टेंपरिंगच्या ऑक्साइडमुळे येणारा गव्हाळ-सोनेरी रंग बघून 'कोटेड आहे' म्हणणारी माणसं मला दर दोन महिन्यांनी भेटतात. आणि काळं ड्रिलही रंगवलेलं नसतं. तो वाफेत दिलेला लोहाचा ऑक्साइड असतो, तेल धरून ठेवतो, माल चिकटू देत नाही, आणि पोलादात अगदी प्रामाणिक काम करतो.

मग तुमच्या कामाला ड्रिल कोणतं? पॅराबोलिक फ्लूटचं. त्यात फ्लूट रुंद, मोकळा असतो, पीळ जास्त, आणि मधला वेब, म्हणजे दोन फ्लूटांमधला गाभा, साध्या ड्रिलपेक्षा बराच जाड. वेब जाड म्हणून पिळाला ताकद, फ्लूट मोकळा म्हणून चिपेला वाट. ८ मिमीच्या अशा ड्रिलने ईएन-८ मध्ये पाचपट खोली मी एका दमात घेतो आणि मग पेक सुरू करतो. पेकही साध्यापेक्षा मोठे चालतात. वेब जाड म्हणजे मधली चिझेल एज रुंद, आणि ती कापत नाही, माल दाबून बाजूला ढकलते. ड्रिलवर येणाऱ्या दाबाचा निम्म्याच्या आसपासचा वाटा तिचाच असतो. म्हणून पॅराबोलिक ड्रिलचं टोक १३० किंवा १३५ अंशांचं, स्प्लिट केलेलंच, म्हणजे घासून चिझेल एज आखूड केलेलंच हवं. धार लावताना हे स्प्लिट परत करून देणारा माणूस नसेल तर ते ड्रिल घेऊ नका. पहिल्या धारेनंतर ते साध्याहून वाईट चालेल.

यावर कोटिंग टायटॅनियम नायट्राइड पुरे.

लांब ड्रिल डोलतं, त्याचा इलाज पायलट होल. त्याच व्यासाचं आखूड, स्टब ड्रिल घ्या आणि दीड-दोनपट, १२ ते १६ मिमी खोल होल करा. लांब ड्रिल मग त्या भिंतींच्या आधाराने उतरतं. फक्त पायलटच्या टोकाचा कोन लांब ड्रिलइतका किंवा त्याहून मोठा हवा. ९० अंशांच्या स्पॉटमध्ये १३५ अंशांचं ड्रिल उतरवलं तर आधी बाहेरचे कोपरे टेकतात, मध नाही. कोपरे थरथरतात आणि कोटिंगचा पहिला टवका तिथेच उडतो. शंभर होलांची झीज पहिल्या दहा होलांत झालेली दिसते. कोलेटमध्ये ड्रिल धरून टोकाजवळ डायल लावा. लांब हाय-स्पीड ड्रिलला ०.०५ मिमीपर्यंतचा डोल मी चालवून घेतो, कार्बाइडला ०.०२ च्या वर नाही.

कार्बाइडचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या मशीनला स्पिंडलमधून कूलंट असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा. आतून कूलंट जाणारं, १५ पट खोलीचं, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड कोटिंगचं कार्बाइड ड्रिल घ्या. ८० मीटरला साधारण ३२०० आरपीएम, ०.२ फीड, १०० मिमीचं होल दहा सेकंदांच्या आत, एकही पेक न करता. इथे ते कोटिंग खरं काम करतं, कारण वेगही आहे, धारेला उष्णताही आहे आणि खालचा माल ती सोसणारा आहे. पायलट लांब ड्रिलपेक्षा एक-दोन शतांश मिमी मोठा हवा. त्यात ड्रिल दोन-तीनशे आरपीएमवर, सावकाश उतरवायचं, तळाच्या थोडं आधी थांबून कूलंट सुरू करायचं, मगच पूर्ण वेग. बाहेर काढतानाही पायलटपाशी आलं की वेग उतरवायचा. हवेत पूर्ण वेगाने फिरलं तर एवढं लांब कार्बाइड स्वतःच्याच झोक्याने तुटतं, आणि तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. कूलंटचा दाब वीस बारच्या खाली असेल तर या खोलीला मी हात घालत नाही. गाळणी नसलेल्या टाकीतलं कूलंट ड्रिलच्या आतल्या बारीक छिद्रांतून पाठवू नका, एक छिद्र तुंबलं की संपलं. आणि स्पिंडलमधून कूलंट नसेल, तर लांब कार्बाइड घेण्याचा मोह टाळा. पेक केला की ते प्रत्येक वेळी आदळतं, नाही केला तर चिप भरते.

जाता जाता दुसऱ्या मालांचं. बीडात चिप भुग्यासारखी निघते, खोल होल सोपं, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड कोरडंही चालतं. ॲल्युमिनियमला मात्र ते लावू नका. कोटिंगमधल्या ॲल्युमिनियमशी जॉबच्या ॲल्युमिनियमचं गोत्र जुळतं आणि माल धारेवर चढतो. तिथे पॉलिश केलेलं साधं ड्रिल किंवा डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचं कोटिंग. पितळेला कोटिंगची गरजच नाही. ३०४ ला कोबाल्टचं कोटेड ड्रिल, आणि ड्रिल तळाशी न कापता नुसतं फिरत ठेवू नका, तिथला थर कडक होतो आणि पुढचा पेक त्या थरावर घासतो.

राहिला धार लावल्यानंतरचा प्रश्न. धार लावताना टोकामागची बाजू, म्हणजे फ्लँक, घासली जाते आणि तिथलं कोटिंग जातं. पण चिप जिच्यावरून सरकते ती फ्लूटची बाजू आणि मार्जिन, यांच्यावरचं कोटिंग तसंच राहतं. म्हणून धार लावलेलं कोटेड ड्रिल नव्याइतकं नाही, पण साध्यापेक्षा बरंच चालतं. अट एकच, धार लावताना झिजलेला कोपरा पूर्ण मागे घ्यायचा. मार्जिनवर कोटिंग उडालेला मिलिमीटरभर भाग तसाच ठेवून नुसती लिप चमकवली, तर ड्रिल नवं दिसतं आणि पाचव्या होलला किरकिरतं. धार लावत लावत वेब जाड होत जातो, कारण तो शँककडे वाढता असतो, म्हणून दर खेपेला वेब पातळ करून घ्या. आणि प्रत्येक ड्रिलवर खडूने नाही, एचिंग पेनने धारांची संख्या लिहा, सोबत उरलेला फ्लूट मोजून. १०० च्या होलला फ्लूट ११२ च्या खाली आला की ते ड्रिल या कामातून काढून उथळ होलांना द्या.

कार्बाइडचं लांब ड्रिल धार लावून पुन्हा कोट करायला पाठवा, तिथे परवडतं. जुनं कोटिंग उतरवून मग नवं चढवतात की वरच्यावर, ते विचारून घ्या. थरावर थर साचला की धार बोथट होते आणि कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. ८ मिमीच्या हाय-स्पीड ड्रिलला मात्र मी पुन्हा कोटिंग करून घेत नाही. पाठवणं, परत येईपर्यंत थांबणं आणि खोक्यात एकमेकांवर आपटून कोपरे गेलेली ड्रिलं परत मिळणं, हे सगळं धरलं तर तेवढ्यात नवीन ड्रिल येतं.